सॅचेल पेज

लिरॉय रॉबर्ट पेज उर्फ सॅचेल पेज (जन्म ७ जुलै १९०६, मोबील, अलाबामा, मृत्यू ८ जून १९८२, कॅन्सस सिटी) हा अमेरिकेतला बेसबॉल पिचर. पिचर म्हणजे आपला बोलर समजा, फक्त इथे टप्पा टाकायचा नसतो, कोपर वाकवून फेकलं तरी कोणी नोबॉल देत नाही आणि अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षाही कमी. सगळ्यात भारी पिचर कोण यावर वाद सुरू झाला की याचं नाव निघतंच, पण हा माणूस मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) पहिल्यांदा उतरला तेव्हा ४२ वर्षांचा होता. कारण एकच, तो काळा होता आणि १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगचं दार काळ्या खेळाडूंना बंद होतं.

बाप माळीकाम करायचा, आई लोकांचे कपडे धुवायची, घरात पोरं भरपूर. हा पोरगा रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलायचा, मग डोकं लढवून एका काठीला दोरीने चार-चार बॅगा लटकवून न्यायला लागला, त्यावरून सॅचेल (म्हणजे पिशवी) हे नाव पडलं असं तो स्वतः सांगायचा. १९१८ मध्ये चोऱ्यामाऱ्या आणि शाळेला दांड्या यापायी त्याला माउंट मेग्जच्या सुधारगृहात टाकलं, पाच वर्षं तिथेच गेली, आणि खरं पिचिंगही तो तिथेच शिकला. तिथल्या कोचने त्याला शिकवलं की पाय इतका उंच उचल की समोरच्याला आकाशच दिसू नये. पुढे ही लाथ त्याची ओळखच झाली.

१९२६ मध्ये चॅटनूगाच्या संघातून निग्रो लीगमध्ये (काळ्या खेळाडूंची वेगळी लीग) सुरुवात, मग बर्मिंगहॅम, मग पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, जिथे जॉश गिब्सनसारखा बॅटर त्याच्याच टीमात होता. पण सॅचेल एका जागी टिकेल तर शपथ, कोणी जास्त पैसे दाखवले की करार तसाच टाकून हा गायब. १९३७ मध्ये तर डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या टीमकडून खेळायला गेला. लोक याला लोभी म्हणतात, मला ते पटत नाही, ज्याला मोठ्या लीगमध्ये घेतच नाहीत त्याने निष्ठा ठेवायची कोणाशी?

त्याचा हेझिटेशन पिच समजून घ्यायला हवा. पाय हवेत, हात डोक्यामागे, पाय खाली टेकला, आता बॉल येणार म्हणून बॅटरने बॅट फिरवायला घेतली, आणि हात अजून मागेच, क्षणभर थांबून मग बॉल सुटतो, तोवर बॅटरचा तोल पार गेलेला. पुढे मेजर लीगमध्ये आल्यावर हा बॉल बेकायदा ठरवून टाकला. बाकी वेग आणि नेम हीच मुख्य हत्यारं, आणि एकाच फास्टबॉलला पाच नावं द्यायची हौस वेगळी.

१९३८ मध्ये मेक्सिकोत खांदा असा गेला की हात वर उचलेना, डॉक्टर म्हणाले संपलं. कॅन्सस सिटी मोनार्क्स या निग्रो लीगमधल्या टीमच्या मालकाने, जे. एल. विल्किन्सनने, त्याला तरीही घेतलं, दुय्यम टीमबरोबर गावोगाव फिरवलं, नुसतं नाव बघायला गर्दी व्हायची. आणि १९३९ मध्ये हात परत आला. १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये (निग्रो लीगची अंतिम मालिका) तर तिन्ही बेसवर (रन काढताना गाठायचे थांबे) माणसं असताना त्याने जुना सोबती गिब्सन याला स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइक टाकून बाद केलं.

७ जुलै १९४८, वाढदिवसालाच, क्लीव्हलँड इंडियन्सचा मालक बिल व्हीक याने त्याच्याशी करार केला. पब्लिसिटी स्टंट म्हणून नावं ठेवणारे होतेच, पण म्हाताऱ्याने ६ सामने जिंकले, १ हरला, इआरए (नऊ इनिंगला सरासरी किती रन दिले) २.४८, शिकागोविरुद्ध ७८ हजार लोकांसमोर एकही रन न देता जिंकला. क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) घेतली आणि सॅचेल वर्ल्ड सिरीजमध्ये पिचिंग करणारा पहिला काळा खेळाडू ठरला, भले दोनच बॅटर आउट करण्यापुरता. मग सेंट लुईस ब्राऊन्सकडे तीन सीझन, १९५२ आणि १९५३ ला ऑल-स्टार (सीझनच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड). निग्रो लीग सोडून मेजर लीगमध्ये एकूण २८ विजय, ऐन उमेदीची वर्षं त्यात धरलेलीच नाहीत.

वयाचा तर त्याने धंदाच केला. जन्माचा दाखला बायबलमध्ये ठेवला होता आणि बकरीने बायबलच खाल्लं, असं सांगायचा. २५ सप्टेंबर १९६५ ला कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सच्या मालकाने ५९ वर्षांच्या सॅचेलला परत उतरवलं, बाजूला झुलती आरामखुर्ची, नर्स, सगळा तमाशा. तमाशा खरा, पण बॉस्टन रेड सॉक्सला त्याने तीन इनिंगमध्ये एकही रन दिला नाही, हिट (बॉल मारून बेस गाठणं) एकच, कार्ल यस्ट्रेम्स्कीची.

१९७१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान) गेला, निग्रो लीगच्या खास समितीने निवडलेला पहिला. तेव्हा निग्रो लीगच्या खेळाडूंना बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं, त्यांच्यासाठी वेगळी भिंत करायची असं आधी ठरलं होतं, त्यावर बोंबाबोंब झाली आणि बेत बदलावा लागला. निग्रो लीगला मेजर लीगचा दर्जा मिळाला तो २०२० मध्ये आणि आकडे एकत्र झाले २०२४ मध्ये, तोवर सॅचेलला जाऊन ४० वर्षं उलटली होती.