पार्श्वभूमी : निवडुंगाच्या पर्सला चामडं म्हणायचं का?

रिक्षाची जुनी सीट फाटली की वरचा काळा पापुद्रा उलटतो आणि खालचं मळकं कापड डोकावतं. त्या पापुद्र्याला आपण आजही रेक्झिन म्हणतो. हे मूळचं एका ब्रिटिश कारखान्याचं व्यापारी नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल, अल्कोहोल आणि रंग यांचा थर देऊन वर चामड्यासारख्या सुरकुत्या उठवल्या जात. सेल्युलोज कापसाचं, कापूर झाडाचा. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं नकली चामडं बरंचसं वनस्पतींपासूनच आलेलं होतं. फक्त ‘प्लांट-बेस्ड’ म्हणून कोणी त्याचे जास्त पैसे लावत नव्हतं. (ते भसकन पेटायचं, हेही खरं. त्यातला मुख्य घटक स्फोटकांतही वापरतात.) पुढे पीव्हीसी हे प्लास्टिक आलं, मग पॉलियुरेथेन म्हणजे पीयू हे दुसरं प्लास्टिक आलं. नाव रेक्झिनच राहिलं.

वनस्पतींपासून ‘चामडं’ बनवण्याच्या सध्याच्या लाटेची सुरुवात फिलिपिन्समधली. १९९०च्या दशकात चामड्याच्या धंद्यात सल्लागार म्हणून तिथे गेलेली एक स्पॅनिश डिझायनर चामडं कमावण्याचे कारखाने बघून हबकली. त्याच देशात अननसाच्या पानांच्या तंतूंपासून ‘बारोंग’ हा झिरझिरीत सदरा विणण्याची जुनी परंपरा आहे. तिथून कल्पना निघाली. फळ काढल्यावर शेतात पडून राहणारी पानं, त्यांचे तंतू, ते विणण्याऐवजी दाबून केलेलं नमद्यासारखं कापड आणि वरून राळेचा लेप. एका चौरस मीटरला साधारण ४८० पानं लागतात. ते बाजारात यायला २०१०चं दशक निम्मं सरलं. पाठोपाठ उत्तर इटलीतल्या रस कारखान्यांचा सफरचंदाचा चोथा आला, २०१९ला मेक्सिकोतला निवडुंग आला. आपल्याकडे केरळात फेकून दिल्या जाणाऱ्या नारळपाण्यावर जिवाणू वाढवून त्यांच्या सेल्युलोजची साय जमवली जाते. देवळातल्या निर्माल्यावर वाढवलेलं चामडं तर कानपुरातलं, म्हणजे टॅनरींच्याच, चामडं कमावण्याच्या कारखान्यांच्याच गावातलं.

खरा गुंता शब्दाचा आहे. दुकानात ‘व्हेजिटेबल टॅन्ड’ असं लेबल दिसलं की शाकाहारी गिऱ्हाईक खूश होतं. पण ते गाई-म्हशीचंच कातडं असतं. क्रोमियमऐवजी झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं, एवढाच अर्थ. अस्सल कोल्हापुरी चप्पल याच जातीची. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. उलट ‘व्हीगन लेदर’मध्ये प्राणी नाही, पण वनस्पती असेलच असंही नाही. निव्वळ पीयूलाही हेच नाव चालतं. त्यात आपल्याकडे आणखी एक जुना धागा आहे. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३०च्या दशकात गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी चर्मालय काढलं, ते मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्यासाठी. खादी भांडारातली ‘अहिंसक’ चप्पल त्याच विचारातली. त्यांचा आक्षेप मारण्याला होता, कातड्याला नव्हता. तीन लेबलं, तीन वेगळ्या गोष्टी, आणि गिऱ्हाईकाच्या डोक्यात तिन्हींचा एकच काला.

युरोपात हा वाद कायद्यापर्यंत गेला. तिथल्या मानकांनुसार चामडं म्हणजे मूळची तंतुरचना शाबूत ठेवून, कुजू नये म्हणून कमावलेलं कातडं. वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. फ्रान्सने २०१०मध्ये आणि इटलीने २०२०मध्ये प्राण्यापासून न आलेल्या मालाला चामड्याचं नाव लावायला मनाई केली. इटलीत तर हा शब्द उपसर्ग किंवा प्रत्यय म्हणूनही चालत नाही. हे टॅनरीवाल्यांचं संरक्षण आहे, अशी टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची नाही. तरी मला नियम पटतो. मराठीत आपण चामडं ‘कमावतो’. अननसाचं पान कोणी कमावत नाही.

त्यातच २०२१मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या एका संशोधन संस्थेने चामडं, साधं कृत्रिम चामडं आणि नऊ नवे पर्याय एकत्र तपासले. मजबुती, पाणी अडवणं आणि घामाची वाफ बाहेर सोडणं या सगळ्यांत मिळून चामड्याच्या बरोबरीला एकही आला नाही. निवडुंगाच्या नमुन्यात पॉलिएस्टरच्या कापडावर पीयूचा थर निघाला आणि त्या थरात वनस्पतीची भुकटी मिसळलेली. संस्था चामड्यावरही काम करते म्हणून निष्कर्षांकडे संशयाने बघणारे आहेत. पण मुंबईच्या दोन पावसाळ्यांत कपाटातल्या पीयूच्या पर्सला काय होतं ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. हात लावला की पोपडे, बोटांना चिकटणारा काळा भुगा, आणि खाली उघडी पडलेली जाळी. दमट हवेत पीयूच्या रेणूंची साखळी तुटत जाते. त्यात निवडुंगाची भुकटी घातली म्हणून तो थर टिकणार कसा?

पीयूला बगल देणारेही प्रयत्न झाले. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका कंपनीने प्लास्टिक पूर्ण वगळून नैसर्गिक रबर आणि वनस्पती तेलांवर साहित्य बनवलं. कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका कंपनीने बुरशीच्या तंतुजालावर भर दिला. २०२०मध्ये बड्या फॅशन कंपन्यांनी तिच्यामागे पैसा उभा केला, आणि २०२३मध्ये तिने उत्पादन थांबवलं. बुरशी वाढत होती, पुढचं भांडवल मिळत नव्हतं.

‘व्हीगन कोल्हापुरी’ आता ऑनलाइन मिळते. वर्णन शेवटपर्यंत वाचलं की बऱ्याचदा खाली बारीक अक्षरांत ‘पीयू’ सापडतं.