विमा नसलेल्या गाडीने धडक दिली तर? : पार्श्वभूमी

भारतात गाडीचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई देणारा) सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून. मोटार वाहन कायदा १९३९ चा, पण त्यातलं विम्याचं प्रकरण लागू व्हायला मध्ये एक महायुद्ध जावं लागलं. योगायोग असा की नेमक्या त्याच तारखेपासून इंग्लंडमध्ये आणखी एक व्यवस्था सुरू झाली. तिथे सक्ती १९३१ पासूनच होती. पंधरा वर्षांत तिथल्या लोकांना पुरतं कळून चुकलं होतं, की कायदा केला म्हणून सगळे विमा काढत नाहीत. ज्याने काढला नाही, त्याच्याच गाडीखाली कोणी आलं तर जखमीच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा पडतो, पैसे नाही. म्हणून मोटार विमा विकणाऱ्या कंपन्यांनी मिळून ‘मोटर इन्शुरर्स ब्युरो’ काढला आणि सरकारशी करार केला : विमा नसलेल्या चालकाकडून जी भरपाई वसूल होणार नाही, ती आम्ही सगळे वर्गणी काढून देऊ. १ जुलै १९४६ पासूनच्या अपघातांना हा करार लागू झाला.

आपण इंग्रजांच्या कायद्यातली सक्ती उचलली, हा जोडीचा भाग उचलला नाही. त्यानंतरची जवळपास ऐंशी वर्षं त्या भोकाला ठिगळं लावण्यात गेली आहेत.

अमेरिकेने तिसरीच वाट धरली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून विमा सक्तीचा केला, पण इतर राज्यं कितीतरी वर्षं कचरत राहिली. न्यूयॉर्कमध्ये सक्तीला विरोध करणाऱ्या कंपन्यांनी १९५५ च्या सुमारास नवी टूम काढली : समोरच्याचा विमा नसेल तर तुमचीच कंपनी त्याच्या जागी उभी राहील आणि त्याने तुम्हाला जे द्यायला हवं होतं ते देईल. सक्ती टाळण्यासाठी केलेला हा उपाय, आणि सक्ती तिथे १९५६ मध्ये आलीच. कव्हर मात्र टिकलं. १९५७ मध्ये न्यू हॅम्पशायरने ते पॉलिसीत असलंच पाहिजे असा कायदा केला. गंमत म्हणजे याच न्यू हॅम्पशायरमध्ये गाडीचा विमा काढण्याची सरसकट सक्ती आजही नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या मराठी घरांना पॉलिसी घेताना ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ हा रकाना भेटतो तो तिथूनच आलेला. न्यू जर्सीतल्या सर्वांत स्वस्त ‘बेसिक’ पॉलिसीत हे कव्हर नसतंच. नव्याने आलेल्या माणसाला हे कोणीतरी आधीच सांगायला हवं, कारण हप्त्याचा आकडा तेवढा सांगत नाही.

आपल्याकडे असा रकाना नाही. समोरच्याने विमा काढावा म्हणून कायदा दंडुका उगारतो. त्याने तो नाही काढला तर तुमचं काय, याला पॉलिसीच्या कागदात उत्तर नसतं.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची (ट्रिब्युनलची) सोय केली आणि दिवाणी कोर्टातले हेलपाटे कमी झाले. पण ट्रिब्युनल आदेश देतं, पैसे देत नाही. विमा असेल तर कंपनी भरते. अगदी चालकाचं लायसन्स बोगस निघालं तरी अनेकदा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं. पॉलिसीच नसेल तर आदेश गाडीमालकाच्या नावावर निघतो. वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली करायची असते. ज्याची एकुलती मालमत्ता म्हणजे तीच चेपलेली मोटारसायकल, त्याच्याकडून काय वसूल होणार?

१९८२ मध्ये दोन गोष्टी आल्या. चूक कोणाची हे ठरण्याआधीच मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. आणि गाडी सापडलीच नाही तर सरकारी निधीतून मृत्यूसाठी ५,००० रुपये. यातली १५,००० ची रक्कमसुद्धा किती सहज मिळत असे, ते सातारा जिल्ह्यातल्या कवठ्याजवळच्या अपघातावरून कळतं. ऑक्टोबर १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर पहाटे पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. गळणाऱ्या पेट्रोलपाशी गाववाले जमले, काही तासांनी स्फोट झाला आणि ४६ माणसं गेली. उलटून पडलेला टँकर हा ‘वाहनाचा वापर’ होतो का, या मुद्द्यावर १५,००० रुपयांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला १९९१ मध्ये, मृतांच्या नातलगांच्या बाजूने.

न सापडलेल्या गाड्यांसाठीच्या निधीत एक विचित्र फट होती. तुम्हाला उडवून गाडी पळाली आणि सापडली नाही, तर थोडं का होईना निधीतून मिळायचं. गाडी सापडली, नंबर मिळाला, मालक कळला आणि विमा नाही असं निघालं, तर निधीचं दार बंद. कारण हा ‘हिट अँड रन’ नव्हे. गुन्हेगार सापडल्यामुळे तोटा व्हावा, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. ते सोडवायला पैसे लागणार होते, म्हणून कोणी हात घातला नाही.

आणि निधीसुद्धा बराचसा कागदावरच. २०२२ मध्ये देशात हिट अँड रनचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. त्याच वर्षी एप्रिलपासून मृत्यूची भरपाई २५,००० वरून दोन लाखांवर गेली होती. तरी २०२२-२३ या आर्थिक वर्षात दावे आले फक्त २०५. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावं लागलं, की अशी योजना आहे हे निदान कुटुंबाला सांगा.

खरी हालचाल झाली २०१८ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने आकडा मांडला : रस्त्यावर सुमारे १८ कोटी गाड्या, आणि थर्ड पार्टी विमा जेमतेम ६ कोटींचा. त्यावर आदेश झाला, की १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन चारचाकीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूममध्येच घ्यावा लागेल. नव्या गाड्यांचा प्रश्न त्यातून बराच सुटला. जुन्याचा तसाच राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली दुचाकी, आरसी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर, पॉलिसी कधीची संपलेली. तालुक्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्यांत अशा किती असतील याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. २०१९ च्या दुरुस्तीने विना-विमा गाडीचा दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० केला. अनेकांना तो वर्षाच्या हप्त्याच्या आसपासच वाटतो, आणि तोही पकडलं तरच.

२०१८ च्या त्याच सप्टेंबरात न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की दिल्लीसारखा नियम करा : अपघातातली विना-विमा गाडी मालकाने पुरेसा जामीन दिल्याशिवाय सोडायची नाही, तीन महिन्यांत दिला नाही तर लिलाव करून पैसे ट्रिब्युनलमध्ये भरायचे. कल्पना रास्त आहे. पण लिलावात दहा वर्षांच्या स्कूटीचे किती येणार?

तिसरा बदल तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतला, आणि विना-विमा चालकापासून संरक्षण म्हणावं असं आपल्याकडे जे काही आहे, त्यात हाच सर्वांत जवळचा. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम दुचाकीला एक लाख, चारचाकीला दोन लाख होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर विमा नियामकाने २०१८ मध्ये ती १५ लाख केली, वर्षाला ७५० रुपयांत. समोरच्याचा विमा असो-नसो, चूक कोणाचीही असो, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला पैसे तुमच्या कंपनीकडून. २०१९ पासून हा भाग वेगळा घेता येतो. ऑनलाइन पॉलिसी घेताना ‘माझ्याकडे आधीच आहे’ यावर टिक केली की हप्ता उतरतो, आणि आधीचा विमा नसताना ती टिक करणारे थोडेथोडके नाहीत.

पण १५ लाख पुरतात का? ट्रिब्युनलचंच गणित लावून बघा. अपघातात गेलेला पस्तीस वर्षांचा गॅरेजवाला, महिना ४०,००० कमाई, घरात बायको, दोन मुलं, आई. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला भावी वाढीपोटी ४० टक्के जोडतात : महिना ५६,०००, वर्षाला ६,७२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : ५,०४,०००. या वयाचा गुणक (वर्षाची रक्कम किती पटीने धरायची तो ठरलेला आकडा) १६. झाले ८०,६४,०००, शिवाय अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम वेगळी. धडक देणाऱ्याची पॉलिसी चालू असेल तर कंपनीला एवढे भरावे लागतात, कारण मृत्यू आणि इजेसाठी थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादा नाही. पॉलिसी नसेल तर घरात येतात १५ लाख, तेही तो स्वतःची गाडी चालवत असेल आणि लायसन्स चालू असेल तरच. मागे बसलेली बायको, पायी जाणारी आई, शाळेच्या रिक्षातली मुलं यांना या पंधरा लाखांतलं काही लागू नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र अपघात विमा घ्यावा लागतो, आणि कमावत्याच्या बाकीच्या ६५ लाखांसाठी टर्म पॉलिसी, म्हणजे ठरावीक मुदतीचा जीवन विमा.

इंग्लंडमधल्या वर्गणीसारखं काहीतरी आपल्याकडे यायला २०२२ उजाडलं. त्या वर्षीच्या मोटार वाहन अपघात निधीच्या नियमांत विना-विमा गाड्यांच्या अपघातांसाठी वेगळं खातं आहे. मे २०२५ पासूनच्या कॅशलेस उपचार योजनेत जखमीला ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळतात. गाडी विना-विमा असेल किंवा पळून गेली असेल तर तो खर्च सरकार देतं. हे उपचारांपुरतं आहे. बुडालेल्या कमाईसाठी विना-विमा मालकाच्या मागेच लागायचं, ट्रिब्युनलचा आदेश घेऊन, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तो दावाही अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा.