शेवटचे दिवस घरी जावेत म्हणून

आजार बरा होणार नाही हे कळून चुकलेल्या माणसांना शेवटचे दिवस कुठे काढायचे आहेत असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ‘घरी’ असेच असते. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांतून हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. तरीही यातल्या कितीतरी जणांचे डोळे मिटतात ते रुग्णालयात. इच्छा माहीत असते, घरच्यांची तयारीही असते, आणि ऐन वेळी, अनेकदा अपरात्री, काहीतरी बिनसते. काय बिनसते हे समजून घेतले तर त्यातले बरेच टाळता येते.

शेवटच्या काही दिवसांत भूक जवळजवळ नाहीशी होते, पाण्याचा घोटही नकोसा होतो. घरच्यांना वाटते, पोटात काही जात नाही म्हणून माणूस खंगतो आहे. खरे तर शरीराचे काम आटोपत आलेले असते, म्हणून त्याला अन्न नको असते. अशा वेळी बळेबळे भरवण्यापेक्षा ओठ आणि तोंड ओले ठेवणे जास्त उपयोगाचे. रक्ताभिसरण मंदावल्यामुळे हातपाय गार पडतात, त्वचेवर जांभळट छटा येते. श्वासाची लय मोडते. काही श्वास खोल, मग उथळ, मग काही सेकंद श्वासच नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग घरघर लागते. गिळण्याची आणि खोकण्याची ताकद गेलेली असते, घशात स्राव साचतो आणि त्यातून हवा ये-जा करते, त्याचा तो आवाज. तोवर शुद्ध बरीचशी हरपलेली असल्याने त्या माणसाला बहुधा त्याचा त्रास जाणवत नसावा, असे या क्षेत्रातले डॉक्टर मानतात. कुशीवर वळवले तरी आवाज पुष्कळदा कमी होतो. पण उशाशी बसलेल्या मुलीला हे कोणी आधी सांगितलेलेच नसेल, तर तिला वडील गुदमरताहेत असेच वाटणार. ती ॲम्ब्युलन्स बोलावते. तिच्या जागी आपणही तेच केले असते. तिला दोष देण्यात काही अर्थ नाही. दोष आहे तो तिला काहीच न सांगता घरी पाठवणाऱ्या व्यवस्थेचा.

जिथे उपशामक सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा, नीट रुजली आहे, तिथे या रात्रीची तयारी आधीच करून ठेवतात. घरात औषधांचा एक छोटा डबा असतो. वेदना आणि धाप यांसाठी मॉर्फिन, तगमगीसाठी मिडाझोलाम, मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल, घशातल्या स्रावासाठी ग्लायकोपायरोनियम किंवा त्यासारखे औषध. गिळता येत नसल्यामुळे ती त्वचेखाली टोचून देतात. सतत लागत असतील तर बॅटरीवर चालणारा सिरिंज पंप 24 तास थोडे थोडे औषध सोडत राहतो. डब्यासोबत डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा असते, आणि रात्री दोन वाजताही कोणीतरी उचलेल असा फोन नंबर असतो. माझ्या मते या सगळ्यात तो नंबर सर्वांत मोलाचा. मॉर्फिनची भीती मात्र अजून गेलेली नाही. त्रास बघून, योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही, हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

अशा सेवेचा परिणाम मोजला गेलेला आहे. वैद्यकीय संशोधनाचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात 23 अभ्यास एकत्र तपासले गेले. घरपोच उपशामक सेवा मिळाल्यास घरीच मृत्यू येण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते आणि त्रासही काहीसा कमी होतो, असे त्यात आढळले. पण जगात अशा सेवेची गरज असलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के लोकांपर्यंत ती पोचते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता शेवटचे दिवस कुठे काढायचे आहेत हे विचारायचे कधी, हा प्रश्न. कर्करोगात बराच काळ तब्येत टिकून राहते आणि शेवटच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने ढासळते, त्यामुळे निदान चाहूल तरी लागते. हृदय किंवा फुप्फुसे निकामी होत जाणाऱ्यांचे तसे नसते. ते अत्यवस्थ होतात, सावरतात, पुन्हा अत्यवस्थ होतात. ‘यातूनही उठतील’ या आशेवर विषय प्रत्येक वेळी पुढे ढकलला जातो आणि एका खेपेला ते उठत नाहीत. स्मृतिभ्रंशात वर्षानुवर्षे उतरण चालू असते. विचारायचे सुचेपर्यंत उत्तर देणारा माणूसच हरवलेला असतो. म्हणून बोलणे लवकर व्हायला हवे, माणूस बऱ्यापैकी हिंडता-फिरता असतानाच. 2010 मध्ये मेलबर्नमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 80 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे 309 रुग्ण होते. त्यांतले जे सहा महिन्यांत वारले, त्यांच्यापैकी ज्यांच्याशी आधी नीट बोलणे झाले होते अशा 86 टक्के जणांच्या इच्छा माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 30 टक्के होते. बोलणे झालेल्यांच्या नातेवाइकांत नंतरची चिंता आणि नैराश्यही कमी दिसले. जिवंतपणी हा विषय काढला की घरचे हाय खातात, या समजाला यात तरी आधार मिळाला नाही.

सुमारे पाचांतल्या चार जणांची पसंती आजार वाढला तरी तीच राहते, पण एकाची बदलते. दुखणे घरी आवरत नाही, सांभाळणारी पत्नी स्वतःच थकून आजारी पडते, किंवा आपले जाणे नातवंडांच्या डोळ्यांसमोर नको असे वाटू लागते. अशा माणसाला हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात) किंवा रुग्णालयात हलवणे म्हणजेही त्याची इच्छा पाळणेच आहे, आणि घरच्यांनी त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. म्हणूनच कागदावर नुसते ‘घरी’ लिहून भागत नाही. घरी जमले नाही तर कुठे, कोणत्या त्रासासाठी हलवायचे आणि कशासाठी मुळीच हलवायचे नाही, आपल्याला बोलता आले नाही तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे सगळे त्यात यायला हवे. तब्येत घसरली की पुन्हा विचारून तो कागद बदलायला हवा, आणि त्याची एक प्रत रात्री येणाऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्यांना लगेच सापडेल अशा जागी ठेवायला हवी.