स्वगृही सामुदायिक सर्व्हर

स्वगृही सामुदायिक सर्व्हर : पाच-पंचवीस ते काही शेकडो माणसांच्या ऑनलाइन समूहासाठी, त्या समूहातल्याच कोणी आपल्या घरी किंवा आपल्या ताब्यातल्या जागेत चालवलेला सर्व्हर. गप्पांसाठी मॅट्रिक्स वा एक्सएमपीपी, समाजमाध्यमासाठी मॅस्टोडॉन, आवाजी संवादासाठी मंबल, खेळासाठी माइनक्राफ्ट हे त्याचे नेहमीचे उपयोग. बोलताना सगळे ‘सेल्फ-होस्टिंग’ असेच म्हणतात. ‘स्वगृही’ हा शब्द ज्योतिषातला. ग्रह आपल्याच राशीत असला की तो स्वगृही. येथे तो मुद्दाम घेतला आहे, कारण या विषयातल्या बहुतेक अडचणी घराच्याच असतात : घराचा पत्ता, घरची वीज, घरातली उष्णता. पुढील व्यावहारिक विवेचन नागपुरातल्या घरांना धरून केले आहे.

उगम : पहिला ऑनलाइन समुदाय कोणता, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो मान अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकव्यवस्थेकडे जातो. तेथे १९७३ मध्ये टॉकोमॅटिक ही गप्पांची आणि नोट्स ही संदेशांची सोय झाली. दुसरे मत त्याच वर्षी बर्कली येथे एका रेकॉर्डच्या दुकानात टेलिटाइप (तारेने संगणकाला जोडलेले टंकयंत्र) ठेवून सुरू झालेल्या ‘कम्युनिटी मेमरी’ या सार्वजनिक संदेशफलकाच्या बाजूचे. दोन्हींचे महत्त्व वादातीत आहे. परंतु दोन्ही ठिकाणी संगणक संस्थेचा होता. ‘स्वगृही’ ही अट लावली तर वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांची शिकागोतील ‘सीबीबीएस’ ही फोनवरून जोडून निरोप ठेवण्या-वाचण्याची व्यवस्था आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक ठरते. जानेवारी १९७८ मधील हिमवादळात घरात अडकून पडले असताना तिची कल्पना सुचली. ती सुरू झाल्याची तारीख १६ फेब्रुवारी १९७८ अशी सांगितली जाते. मात्र काम प्रत्यक्षात दोनच आठवड्यांत झाले, लोकांचा विश्वास बसणार नाही म्हणून महिन्याभराचा अवधी सांगितला गेला, अशीही हकिकत आहे. तेव्हा ही तारीख सोयीची म्हणूनच घ्यावी. यंत्र स्यूस यांच्या घरी ठेवण्याचे कारण मात्र अगदी व्यावहारिक होते : शिकागो शहरातून तेथे फोन केल्यास तो स्थानिक दराने लागे. सर्व्हर कुठे ठेवायचा हे जोडणीच्या खर्चावर ठरते, ही गोष्ट अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढचे टप्पे थोडक्यात : १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात आयआरसी ही गप्पांची व्यवस्था, १९९९ मध्ये संदेशांसाठी जॅबर व २००४ मध्ये त्याचे एक्सएमपीपी या नावाने प्रमाणीकरण, २०१४ मध्ये मॅट्रिक्स, २०१६ मध्ये मॅस्टोडॉन, जानेवारी २०१८ मध्ये ॲक्टिव्हिटीपब या समाजमाध्यमांचे सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या प्रणालीला डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता. यांमुळे वीस माणसांचा सर्व्हरही जगभरच्या इतर सर्व्हरशी बोलू लागला.

पत्त्याचा प्रश्न : नव्याने सर्व्हर उभारणारे बहुतेक जण येथेच अडखळतात, म्हणून हा भाग विस्ताराने दिला आहे. इंटरनेटवर यंत्र सापडण्यासाठी लागणारे आकडी पत्ते जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीत ३२ बिटांचे, म्हणजे जेमतेम ४.३ अब्ज. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठाही आटला. त्यानंतर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देण्याची पद्धत रूढ झाली. तिला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा टप्पा राखून ठेवण्यात आला. आपल्या राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरची जोडणी) रकान्यात या टप्प्यातला पत्ता दिसला, तर घरात कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती सर्व्हरकडे वळवणे) केले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. एकाच दारावर शंभर घरांची पाटी असावी आणि पोस्टमनने कोणाला हाक मारावी हे त्याला कळू नये, तसा हा प्रकार. दोन दोन रात्री राउटरशी झुंजून आपलेच काही चुकते आहे असे समजणारे अनेक हुशार तरुण पाहण्यात आहेत. त्यांनी आधी तो रकाना पाहिला असता तर बरे झाले असते.

उपाय तीन. सेवादात्याकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, घेणे; आयपीव्ही६ ही मुबलक पत्त्यांची नवी पद्धत वापरणे; किंवा बाहेर एक लहान भाड्याचा सर्व्हर घेऊन तेथून घरापर्यंत वायरगार्ड या प्रणालीचा बोगदा, म्हणजे कूटबद्ध खासगी मार्ग, टाकणे. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. दर २५ सेकंदांनी एक लहानसा संदेश पाठवत राहण्याची खूण त्यात केली की बोगदा मिटत नाही. भाड्याचा सर्व्हर आला की स्वगृहीपण गेले, असे कडवे मत आहे. विदा (डेटा) घरच्या डिस्कवर राहतो आणि एनक्रिप्शनची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची, किल्लीही घरीच राहते, तोवर हे मत मान्य करण्याचे कारण दिसत नाही. मधला दुवाच संदेश उलगडत असेल, तर त्या आक्षेपात तथ्य आहे. ई-मेल मात्र घरातून पाठवू नये. घरगुती जोडणीवर ई-मेल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट (दार) बहुधा बंद असते, आणि उघडे असले तरी घरगुती पत्त्यावरून आलेली टपाल समोरचा घेत नाही. सदस्यांना खातरजमेची पत्रे पाठवण्यासाठी बाहेरची सेवा घ्यावी.

वीज आणि ऊन : चोवीस तास चालणाऱ्या २० वॉटच्या जुन्या लॅपटॉपला महिन्याला सुमारे साडेचौदा युनिट लागतात, ८० वॉटच्या डेस्कटॉपला जवळपास अठ्ठावन्न. लहान समूहाला लॅपटॉप पुरतो. त्याची बॅटरी हाच यूपीएस, असे म्हणतात. नागपुरात ते अर्धेच खरे आहे. धरमपेठेतील एका घरी माळ्यावर असा लॅपटॉप तीन वर्षे चालला. चौथ्या मे महिन्यात त्याचा टचपॅड दबेनासा झाला. झाकण उघडून पाहिले तो आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली, कीबोर्ड मधोमध वर उचललेला. सतत शंभर टक्के चार्ज आणि पत्र्याखालचा माळा, दोन्ही मिळून हे होते. चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) असते. ती नसेल तर बॅटरी काढून ठेवावी.

नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. (३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, हवामान खात्याने नंतर तो संवेदकाचा दोष ठरवला. सर्व्हरच्या तापमानासाठीही एकाच संवेदकावर विसंबू नये.) रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ८० अंशांच्या पुढे आपला वेग आपणच कमी करतो, आणि बंद डब्यात ठेवला तर मे महिन्याच्या दुपारी ही वेळ सहज येते. माइनक्राफ्टचा सर्व्हर खेळाचे जग पुढे सरकवण्यासाठी सेकंदाला २० ठोके देतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ५० मिलिसेकंद. वेग घसरला की खेळणाऱ्यांना तो लगेच जाणवतो. जाळे मंद आहे म्हणून तक्रार येते, दोष असतो उन्हाचा.

कूलरचा झोत सर्व्हरवर घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. हवा कोरडी असते तेव्हा कूलर खोली उत्तम गार करतो, पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारे तुषार आणि कडक पाण्याचा क्षार पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर धरतात. त्याच खोलीत, झोताच्या बाहेर, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, उत्तरेकडच्या भिंतीला ही जागा चांगली. पाऊस सुरू झाला की सर्व्हर कूलरच्या खोलीतून हलवावा. त्या दिवसांत कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

लाइन गेली की सर्व्हरच्या आधी राउटर आणि फायबरची डबी बंद पडते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही १२ व्होल्टच्या लहान यूपीएसवर ठेवावीत. इन्व्हर्टरवर डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरचे बटण ‘यूपीएस’ बाजूला हवे, नाहीतर वीज जाऊन बॅटरी लागण्याच्या क्षणीच यंत्र बंद पडते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, म्हणून ती जिन्याखाली, सावलीत. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची खूण बायोसमध्ये आठवणीने करावी. मालक गावाला गेलेला असताना हीच एक गोष्ट उपयोगी पडते.

पूर : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांत पाणी शिरले. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर जमिनीवर ठेवू नये, आणि एक्सटेन्शन बोर्डही भिंतीला वर ठोकावा.

बॅकअप : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा संकेत छायाचित्रकार पीटर क्रो यांच्या नावे सांगितला जातो. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून ठेवली तर ती प्रत बहुधा निकामी निघते. डेटाबेसची स्वतःची निर्यात आज्ञा वापरावी. बाहेरची प्रत पुण्याला शिकणाऱ्या भाच्याकडे ठेवली तरी चालते, पण वर्षातून दोनदा ती रिकाम्या यंत्रावर उतरवून पाहावी. आरशासारख्या दोन डिस्क जोडणे म्हणजे बॅकअप नाही : चुकून पुसलेले दोन्हीकडून पुसले जाते.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार इतरांचे संदेश साठवणारा ‘मध्यस्थ’ ठरतो, आणि त्या व्याख्येत आकाराची किमान मर्यादा नाही. पन्नास लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची अट फक्त ‘महत्त्वाच्या’ समाजमाध्यम मध्यस्थांच्या जादा जबाबदाऱ्यांना लागते. तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे २०२१ च्या नियमांनी आवश्यक केले. त्यांत पुढे दुरुस्त्या झाल्याने चालू मजकूरच पाहावा. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या विदासाठी पालकांची संमती सांगितली आहे. खेळाच्या सर्व्हरवर निम्मी मुले शाळेतली असतात, तेथे हे विशेष पाळावे.

नाव आणि वारसा : मॅट्रिक्स आणि मॅस्टोडॉन दोन्हींत सर्व्हरचे डोमेन सदस्याच्या ओळखीचाच भाग होते व एकदा ठरले की बदलता येत नाही. म्हणून ते घाईत घेऊ नये. यंत्र दुसऱ्या घरी नेता येते, डिस्क बदलता येते. डोमेनचे नूतनीकरण चुकले तर ते दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग सगळ्या सदस्यांची नावे त्याच्या हाती जातात. त्यामुळे डोमेनच्या खात्याचा पासवर्ड, बोगद्याच्या किल्ल्या आणि बॅकअप उतरवण्याची कृती कागदावर लिहून समूहातल्या दुसऱ्या एकाकडे द्यावी. आणि तो दुसरा त्याच घरात राहणारा नसावा.