सोर्सवरून वायफाय ड्रायव्हर: हा व्याप आला कुठून

कोकणात पावसाळ्यात जवळपास वीज पडली की केबलवाटे लॅन पोर्ट जळतो. मग दापोली-गुहागरपासून देवगडपर्यंत यूएसबी वायफाय अडॅप्टरवर काम भागवलं जातं. लिनक्सने तो ओळखला नाही तर त्याचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बांधावा लागतो, आणि गाडी शेवटी ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या आज्ञांवर येते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. एनडिसरॅपर हे साधन विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचं. मॅडवायफाय या अथेरॉस चिपांच्या ड्रायव्हरचा सोर्स मिळायचा, पण चिपशी बोलणारा थर बंद बायनरीत असायचा. जुलै २००७ मध्ये २.६.२२ कर्नलसोबत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) मॅक८०२११ हा वायफाय ड्रायव्हरांचा सामायिक थर आला आणि २००८ मध्ये एथ५के, एथ९के हे अथेरॉसचे ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये दाखल झाले. स्वस्त यूएसबी अडॅप्टरांच्या बाबतीत मात्र चिप बनवणाऱ्यांनी मॅक८०२११ला वळसा घालून आपलाच थर असलेला सोर्स वाटला. तो कर्नलमध्ये घेण्याजोगा नव्हता, म्हणून बाहेरच राहिला.

बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला खरा फटका बसतो तो कर्नलच्या एका जुन्या धोरणाचा. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती बाजू मोडायची नाही, पण ड्रायव्हरांना लागणारी आतली फंक्शनं हवी तेव्हा बदलायची. देखभाल करणाऱ्यांचं म्हणणं असं, की चुकीची रचना कायम जपत बसलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या अडतात. आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तर फंक्शन बदलणाराच तोही दुरुस्त करतो. उत्पादकांचं म्हणणं असं, की दर आवृत्तीमागे धावणं परवडत नाही. धोरण बरोबरच आहे. त्यामुळेच जुनी कार्डं आजही नव्या कर्नलवर चालतात. पण उत्पादकाने न केलेल्या कामाची किंमत अडॅप्टर विकत घेणारा मोजतो, हेही तितकंच खरं.

किंमत कशी, ते पाहा. कर्नल ४.१५ मध्ये (जानेवारी २०१८) टायमरचं ‘सेटअप_टायमर’ हे फंक्शन गेलं. ५.६ मध्ये (मार्च २०२०) प्रॉक फाइलींसाठी वेगळं स्ट्रक्चर आलं. दोन्ही वेळा काल बांधला गेलेला सोर्स आज ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ किंवा ‘इन्कम्पॅटिबल पॉइंटर टाइप’ म्हणत थांबला. अशा वेळी हेडर (कर्नलच्या आतल्या फंक्शनांची माहिती देणाऱ्या फाइली) पुन्हा टाकून उपयोग नसतो. त्या कर्नलसाठी दुरुस्त झालेला सोर्सच घ्यावा लागतो. कंपायलरचं, म्हणजे सोर्समधून प्रोग्रॅम बांधणाऱ्या जीसीसीचं दुखणं वेगळं: उबुंटू २२.०४ चं ६.५ कर्नल जीसीसी १२ ने बांधलेलं आणि मशीनवर मुळात जीसीसी ११, म्हणून आधी जीसीसी १२ टाकावा लागतो. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर बिल्ड ठीक आहे, अडवतंय सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर न चालवण्याची सोय. मोकयुटिल या आज्ञेने सहीची किल्ली नोंदवा, रीबूट करा आणि निळ्या पडद्यावर ती मंजूर करा.

यावर डीकेएमएस हे साधन २००३ पासून आहे. कर्नल बदललं की ते मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा बांधलेला ड्रायव्हर) आपोआप पुन्हा बांधतं, पण नव्या कर्नलचे हेडर मशीनवर असतील तरच. म्हणून ‘यूनेम -आर’ दाखवतं त्या चालू कर्नलला जुळणारे हेडर एकदाच टाकून थांबू नका. उबुंटूच्या मूळ कर्नलसाठी ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ (नंतर आलेल्या नव्या कर्नलसाठी त्याचंच ‘एचडब्ल्यूई’ पॅकेज), डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ ठेवा, म्हणजे प्रत्येक अपडेटसोबत हेडरही येतील. किनाऱ्यावर हे जास्त महत्त्वाचं. लाइट गेली की काही वेळाने टॉवरही जातो, आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे कंपायलरचं पॅकेज उतरवायला लागणारं इंटरनेट नेमकं तेव्हाच नसतं. ही पॅकेजेस पावसाआधी पेनड्राइव्हवर काढून ठेवावीत. रेंज असेल तर फोनचं यूएसबी टेदरिंग पुरतं, त्याला वायफाय ड्रायव्हर लागत नाही.

बांधायला बसण्याआधी जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारं ‘एलएसयूएसबी’ चालवून पाहा. ०बीडीए:१ए२बी हा आयडी दिसला तर अडॅप्टर अजून सीडी-ड्राइव्हच्या रूपात आहे. अशा वेळी कितीही वेळा ड्रायव्हर बांधला तरी तो लागणार नाही. यूएसबी-मोडस्विचने आधी रूप बदलावं लागतं.

अलीकडे चित्र पालटलं आहे. ६.२ कर्नलपासून (फेब्रुवारी २०२३) आरटीडब्ल्यू८८ या कर्नलमधल्याच रिअलटेक ड्रायव्हरमध्ये ८८२१सीयू, ८८२२बीयू हे यूएसबी चिप आले, तर ६.१३ पासून (जानेवारी २०२५) ८८१२एयू आणि ८८२१एयू. उबुंटू २४.०४ मध्ये ६.८ किंवा त्यापुढचं कर्नल आहे, त्यामुळे पहिल्या दोघांसाठी सोर्स लागत नाही. डेबियन १२ चं ६.१ मात्र थोडक्यात हुकलं. नव्या कर्नलवर गेल्यावर डीकेएमएसमधलं जुनं मॉड्यूल काढून टाका आणि त्याने मोडप्रोबच्या फोल्डरात ठेवलेली ब्लॅकलिस्टची फाइलही पुसा. नाहीतर ती आरटीडब्ल्यू८८लाच अडवत राहते.