भरीत की घोटलेली भाजी? पालला जेवायला थांबण्याआधी

ताटात हिरवट, मऊ, लसूण-मिरचीच्या वासाचा गोळा आला की बाहेरचा पाहुणा त्याला भरीत म्हणून मोकळा होतो. जळगाव जिल्ह्यात, यावल अभयारण्याला लागून असलेल्या पालसारख्या गावात तर हमखास. पण बऱ्याचदा ती असते घोटलेली वांग्याची भाजी, इकडच्या बोलीत ‘घोटेल भाजी’. दोन्हींत वांगी हिरवीच, मिरचीही हिरवीच. फरक एवढाच की भरताचं वांगं आधी जाळात जातं आणि भाजीचं पाण्यात. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

भरताला मोठं, फिकट हिरवं, पांढरट रेघांचं आणि कमी बियांचं वांगं लागतं. जळगावच्या या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातलं बामणोद त्यासाठी नावाजलेलं. चार माणसांना किलोभर वांगी पुरतात. देठ ठेवायचा, सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचायचं (नाहीतर वांगं फुटून गर राखेत जातो) आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर फिरवत भाजायचं. हा जाळ भडक आणि झटपट असतो. साल चटकन करपते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. गॅसवर वांगं एका बाजूनं जळतं आणि देठाजवळ कच्चं राहतं, म्हणून देठाखाली बोट दाबून बघायचं. तिथं मऊ लागलं तरच उतरवायचं.

सोललेला गर दहा मिनिटं चाळणीत निथळू द्यावा. भरीत पाणचट होतं ते बहुतेक ही पायरी गाळल्यानं, किंवा मीठ आधी घातल्यानं. मग लाकडाच्या खोलगट भांड्यात मुसळीनं ठेचायचं. मिक्सर नकोच, त्यात रेषा तुटतात आणि खळ होते. अर्धी वाटी तेलात आठ-दहा मिरच्या आणि पंधरा लसूण पाकळ्यांचा ठेचा आणि शेंगदाणे परतून घ्यायचे, त्यात गर घालायचा. वाटीभर कांद्याची पात, कोथिंबीर आणि मीठ शेवटी.

घोटलेल्या भाजीचे एवढे नखरे नाहीत. वांग्याच्या फोडी करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मग मिरच्या, लसूण, मूठभर शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याच्या कापांसोबत बेताच्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवायच्या. जास्तीचं पाणी काढून बाजूला ठेवायचं, घोटणीनं घोटायचं आणि लागेल तसं ते परत घालायचं. वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी. चूक होते ती पाण्यातच: आधीच भसाभस ओतलं की भाजीचं कालवण होतं.

ताटात ओळखायचं कसं? भरताला धुराचा वास असतो, गराच्या रेषा दिसतात, सालीचा एखादा काळा कण सापडतो आणि पात दाताखाली येते. भाजी एकजीव असते, शेंगदाणा शिजून मऊ झालेला असतो आणि धूर अजिबात नसतो. सोबत काय वाढलंय तेही बघा. भरतासोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे चार भाग ज्वारीला एक भाग सालीचे उडीद आणि मीठ, एकत्र दळलेलं. घोटलेली भाजी वरण-बट्टीची सोबतीण. ही बट्टी जाडसर दळलेल्या गव्हाची, आधी उकडून किंवा भाजून, मग कापून तळलेली. लग्नाच्या पंगतीत हीच जोडी, कारण शे-दोनशे पानांसाठी वांगी भाजत बसण्यापेक्षा कढईत घोटणं सोपं.

सहलीचा बेतही यावरूनच आखा. पावसाळ्यात सातपुडा हिरवागार असतो, मनुदेवीचा धबधबा कोसळत असतो, सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणाला पाणी असतं. पण तेव्हा काड्या ओल्या आणि वांगंही भरताचं नव्हे. अशा दिवसांत वरण-बट्टी आणि घोटलेली भाजी सांगावी. भरीत खायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. धबधबा तेव्हा आटलेला असेल, पण थंडीत शेतावरच्या भरीत पार्ट्या सुरू असतात. वाटेत फैजपूर लागतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलंच, आणि तेही १९३६ च्या डिसेंबरातलं, म्हणजे ऐन भरताच्या दिवसांतलं.

छोट्या गावात मेन्यूकार्डावर विसंबू नका. जंगलात शिरण्याआधीच, सकाळी, किती पानं ते सांगून ठेवा. बट्टी तर ऐनवेळी होतच नाही. भरीत सांगताना ‘काड्यांवरचं का?’ एवढं विचारा, उत्तर गॅस आलं तर भाजीच मागवलेली बरी.

भरीत पार्सल घेऊ नका, कांद्याच्या पातीमुळे संध्याकाळपर्यंत त्याला वास येतो. न्यायचीच तर कच्ची वांगी न्या: आकारानं मोठं पण हाताला हलकं लागेल ते, त्यात बिया कमी निघतात.