अडलेली पणजी

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आजी तिच्या सासूच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल एवढंच सांगायची: "पंधरावं लागलं होतं. दोन रात्री अडली, मूल राहिलं नाही." 'अडली' हा शब्द किती नेमका आहे, ते पुढे प्रसूतिशास्त्र वाचताना कळलं.

न्हाण आलं की मुलगी मोठी झाली, असं आपण धरतो. हाडांना ते मान्य नसतं. पाळी सुरू झाल्यावरही उंची काही सेंटिमीटर वाढते, आणि बाळ ज्या हाडांच्या कड्यातून बाहेर येतं ते कटीचं कडं तर त्यानंतरही काही काळ रुंदावत असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण साडेनऊ सेंटिमीटर रुंद. कडं अरुंद असलं की डोकं तिथेच अडतं. तासन्‌तास दाबलं गेलेलं मूत्राशय आणि योनी यांच्यामधलं मांस मरतं, भोक पडतं, आणि मग लघवी गळतच राहते. हा धोका पंधराच्या आतबाहेर सर्वांत मोठा. अठरा-एकोणिसाव्या वर्षी मात्र माझ्या मते हाडांपेक्षा गरिबी, पंडुरोग आणि उशिरा झालेली पहिली तपासणीच जास्त नडते.

दुसरी ओढाताण ताटातली. आईचंच अंग अजून भरायचं असतं, त्यात बाळाला वाटा हवा. गरोदरपणात एकूण सुमारे १ ग्रॅम जादा लोह लागतं, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींचं रक्त आधीच कमी होतं. मग बाळ दिवस भरायच्या आत येतं, किंवा अडीच किलोही भरत नाही. रक्तदाब चढून झटके येण्याचा धोकाही विशीतल्या आयांपेक्षा या मुलींना जास्त.

सयाजीराव महाराजांच्या १९०४ च्या कायद्याने बडोदा संस्थानात मुलीच्या लग्नाचं किमान वय १२ ठरवलं. त्या काळी तेही धाडसच! १९२९ च्या सारडा कायद्याने ते १४ केलं, १८ व्हायला १९७८ उजाडलं.

परवा आरोग्यसेविका आशाबेन शेजारच्या गरोदर सुनेची नोंद करायला आल्या होत्या. पापणी खाली ओढून पाहिली, दंडाला पट्टा बांधला, मग तिला चपला काढून भिंतीला टेकून उभं केलं. "उंची कशाला?" सासूबाईंनी विचारलं. १४५ सेंटिमीटरच्या खाली भरली तर कडंही लहान असू शकतं, म्हणून. पेन्सिलीची खूण १५१ वर आली.